नझीरभाईंच्या कापडातली लहर

मागच्या आठवड्यात मी मोबाईल घ्यायला बाजारात गेले. दुकानदार फरहानने मला ओळखलं आणि लगेच माझ्या खांद्यावरून मागे रस्त्यावर पाहिलं.

"ताई, एकट्याच आलात ना?"

"एकटीच."

"आणि चाचा?"

"चाचा पनवेलला गेले. मुलाकडे, कायमचे."

तेव्हा कुठे त्याने दोन मोबाईल बाहेर काढले. दोन्ही सारखेच दिसत होते. एकाचा कॅमेरा थोडा बरा, दुसऱ्याचा डिस्प्ले थोडा उजळ, असं तो म्हणाला. मी कॅमेरावाला घेतला आणि निघाले. चहा गार व्हायच्या आत काम झालं. नझीरभाई बरोबर असते तर तेवढ्या वेळात आमचं खोक्याचा पुठ्ठा तपासणंही संपलं नसतं.

नझीरभाई आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे. घराणं इथलंच, भिवंडीचं, कोकणी मुसलमान, आजोबांपासून कापडाच्या धंद्यात. गल्लीच्या टोकाला त्यांचा लहानसा कारखाना होता. मोजकेच लूम, म्हणजे यंत्रमाग, त्यावर पातळ पांढरं सुती कापड निघायचं. माणूस उंच, किडकिडीत, भुवयांवर कायम कापसाची भुरी बसलेली. खिशात सूत मोजायचं पितळी भिंग, घडी घालून ठेवता येणारं. घराची किल्ली ते विसरत, भिंग कधी नाही.

कोणी भेटलं की लोक आधी तोंडाकडे बघतात. नझीरभाई आधी बाहीकडे बघायचे. मग चिमटीत कापड धरून अंगठा फिरवायचे आणि त्यानंतर सलाम किंवा नमस्कार. त्यांच्या भाच्याच्या लग्नात नवरदेव स्टेजवर बसला होता, लोक रांगेने मुबारक द्यायला जात होते. नझीरभाई गेले, शेरवानीची कड उलटी केली, भिंग लावलं आणि रांग थांबवून म्हणाले, "भाड्याने आणलीस ना? बरं केलंस." नवरदेवाने घरी सगळ्यांना ती शिवून घेतली असं सांगितलं होतं.

माझ्या यजमानांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा ते दवाखान्यात बघायला आले. खुर्चीवर बसले आणि तब्येत विचारायच्या आधी त्यांनी पलंगावरची चादर चिमटीत धरली.

"काय म्हणतात डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"चार-पाच दिवसांत सोडतील," मी म्हटलं.

"हे बरे होतील," ते म्हणाले. "चादर न्हाय टिकायची."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "घाई कोणाला हाय?" वस्तू कुठलीही असो, ती दुसऱ्या वस्तूशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही, आणि ती दुसरी मिळाली की तिसरी शोधायची. घरात पंखा बसवायचा ठरला तेव्हा त्यांनी बाजारातल्या सगळ्या पंख्यांची हवा अंगावर घेऊन पाहिली. एकाची हवा जाड वाटली, एकाची विरळ. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पंखा आला तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे जुलेखाआपाने, रजया बाहेर काढल्या होत्या. आपा ठेंगणी, ठसठशीत आणि स्पष्ट बोलणारी. भाजी आणायला नवऱ्याला ती कधीच पाठवायची नाही. "दुधी आणायला गेले तर ईदला येतील," म्हणायची.

अशा माणसावर मोबाईल घ्यायची वेळ आली ती धंद्यामुळे.

त्यांचा माल मुंबईच्या एका पेढीवर जायचा. मोठे शेठ पेढीवर बसत होते तोवर ते स्वतः भिवंडीला यायचे, चिमटीत कापड धरायचे आणि मान हलवायचे. एवढंच. एवढ्या वर्षांत नझीरभाईंच्या मालात खोट निघाली नव्हती, आणि गल्लीत सगळ्यांना ते माहीत होतं, कारण नझीरभाई स्वतःच सांगायचे. मग मोठे शेठ थकले आणि त्यांचा मुलगा केतन पेढीवर बसला. तो भिवंडीला येत नव्हता. त्याने निरोप पाठवला, "चाचा, माल का फोटो भेजो."

नझीरभाईंकडे बटणांचा फोन होता. म्हणून गच्चीवर ताग्याचं एक टोक उलगडलं, माझ्या मोबाईलने फोटो काढला आणि केतनशेठला पाठवला. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. असली कामं लोक मला हक्काने सांगतात.

थोड्या वेळाने केतनशेठचा व्हॉइस मेसेज आला. "चाचा, ये क्या भेजा? माल में लहर है. पूरा पानी जैसा दिख रहा है. ऐसा माल मैं पार्टी को कैसे दूँ? हफ्तेभर में साफ माल दिखाओ, नहीं तो ये ऑर्डर मालेगाव को देना पडेगा."

मी फोटो पाहिला. खरंच, पांढऱ्या कापडावर वाकड्या राखाडी लाटा होत्या. तळ्यात दगड टाकल्यासारख्या.

नझीरभाईंनी तो मेसेज मला पुन्हा लावायला सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांच्या मालात खोट काढली होती, आणि वर मालेगावचं, कापडात भिवंडीशी टक्कर देणाऱ्या गावाचं, नाव घेतलं होतं. दुसऱ्या कोणी आधी मोबाईलवर शंका घेतली असती. भिवंडीच्या कारखानदाराच्या ते डोक्यातही आलं नाही. कापडात लहर दिसते म्हणजे लूममध्ये बिघाड. त्यांनी त्याच दुपारी तो तागा निघालेला लूम थांबवला आणि जॉबरला बोलावलं. जॉबर म्हणजे लूम दुरुस्त करणारा. त्याने पूर्ण लूम खोलला, एकेक भाग पुसून जमिनीवर मांडला आणि म्हणाला, "चाचा, मशीन तो नई दुल्हन जैसी है. हुआ क्या?"

"लहर हाय."

"किधर?"

"मोबाईलमध्ये."

जॉबरने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मशीन परत जोडायला घेतली.

नझीरभाईंनी कापड उन्हात धरलं, सावलीत धरलं, जमिनीवर आडवे पडून कापडाच्या पातळीवर डोळा लावून पाहिलं. आपाला बघायला लावलं. ती म्हणाली, "मला कपड्यात काय दिसत न्हाय. तुमच्या डोक्यात दिसतंय." डोळ्यांना लहर दिसत नव्हती, फोटोत दिसत होती.

शेवटी मला कंटाळा आला. मी माझ्या खिडकीच्या मच्छरजाळीचा फोटो काढला. जाळीवर लाटा. नझीरभाईंच्या बारीक चौकड्यांच्या लुंगीचा काढला. लुंगीवर तर तमाशाच चालला होता.

"बघा," मी म्हटलं. "कापडाला काही झालेलं नाही."

त्यांनी दोन्ही फोटो नीट पाहिले. चेहरा उजळला. "म्हणजे तुमचा मोबाईल खराब हाय!"

"माझा मोबाईल चांगला आहे."

"मग दुसरा बगू. घाई कोणाला हाय?"

घाई त्यांनाच होती, पण ते सांगून उपयोग नव्हता.

त्या संध्याकाळी इमारतीतले सगळे मोबाईल जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीने मांडले गेले. प्रत्येकाने त्याच कापडाचा फोटो काढायचा, एवढ्याच अंतरावरून, एवढ्याच उजेडात. नझीरभाई निकाल देत होते. "ह्याच्यात लहर आडवी. ह्याच्यात गोल. ह्याच्यात तिरकी, पण बारीक." दुसऱ्या मजल्यावरच्या पाटीलवहिनींचा मोबाईल नवा आणि महाग होता. त्याच्यात लहर सगळ्यांत ठळक आली. वहिनी दुखावल्या. "एवढे पैसे घालून लहरच घेतली होय मी?" म्हणाल्या आणि मोबाईल उचलून वर गेल्या.

मग बाजार. मला वाचता येतं आणि मी दुकानदाराला घाबरत नाही, म्हणून मला बरोबर नेलं. फरहानला तेव्हा नझीरभाई माहीत नव्हते. त्याने खुशीत दोन मोबाईल समोर ठेवले.

"चाचा, दोनों एक नंबर हैं. इसका डिस्प्ले देखो, क्या चमक है."

नझीरभाईंनी खिशातून भिंग काढलं, उघडलं आणि चालू डिस्प्लेवर टेकवलं. वाकून डोळा लावला. फरहानने मला खुणेने विचारलं, मी खांदे उडवले.

"ताई," ते डोळा न काढता म्हणाले, "ह्यात सफेद धागाच न्हाय."

"म्हणजे?"

"बाहेर सफेद दिसतंय. आत लाल, हिरवा, निळा. मिलावट हाय!"

"चाचा, सब मोबाईल में ऐसा ही होता है," फरहान म्हणाला.

"सगळेच मिलावट करतात म्हणून मी घ्यायचा?"

दुसऱ्या मोबाईलला भिंग लावलं. तिथे ठिपके बारीक होते, नीट दिसेनात. "ह्याचं सूत बारीक हाय," नझीरभाई म्हणाले आणि पहिल्यांदा थोडा मान दिल्यासारखं केलं. फरहानला आशा वाटली. तो उत्साहाने म्हणाला, "और इसका रिफ्रेश रेट एक सौ बीस है."

"एकशेवीस काय?"

"डिस्प्ले एक सेकंद में एक सौ बीस बार नया होता है."

नझीरभाई भिंगावरून उठले. "सेकंदाला? माझा लूम मिनिटाला एवढा चालला तरी मधे मधे धागा तुटतो. ह्याचा तुटत कसा न्हाय?"

फरहानने घाईघाईने विषय बदलला.

मग कॅमेरा. पिशवीतून त्यांनी कापडाचा तुकडा काढून काउंटरवर अंथरला. फरहान म्हणाला, कपड्याचा कशाला, चेहऱ्याचा काढा, ताईंचा काढतो, बघा कसा गोरा येतो.

"चेहरा काय करायचाय? चेहरा मी विकत न्हाय," नझीरभाई म्हणाले.

दोन्ही मोबाईलमध्ये लहर आली. फरहानने तिसरा काढला, चौथा काढला. जितका कॅमेरा चांगला तितकी लहर ठसठशीत. इतर गिऱ्हाईकं आपली कामं सोडून बघत उभी राहिली. एक बाई मला हळूच म्हणाली, "मी काल इथूनच घेतला हो. काही खराबी आहे का?" तिच्यामागची दोघं तर काही न घेताच निघून गेली. फरहानचा रंग उतरला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांत खालच्या फळीवरचा एक मोबाईल नझीरभाईंनी स्वतःच मागून घेतला. धूळ बसलेला, सगळ्यांत स्वस्त. फोटो काढला. लहर नाही!

"मिळाला!" नझीरभाईंनी तो मोबाईल डोक्यावर धरला. "हाच देऊन टाक."

"चाचा, मत लो," फरहान बिचारा खरं बोलला. "इसका कॅमेरा बेकार है. मैं खुद किसी को नहीं दिखाता."

मी फोटो पाहिला. ताटात दूध सांडल्यासारखं काहीतरी होतं.

"ह्यात लहर न्हाय," नझीरभाई म्हणाले.

"ह्यात कापडही नाही," मी म्हटलं.

त्यांनी भिंग लावून पाहिलं. मग मोबाईल सावकाश खाली ठेवला. तो फोटो पाठवला असता तर केतनशेठने माल घेतलाही असता. पण कापड दिसतच नाही असा फोटो दाखवून माल विकायचा, हे त्यांना काही केल्या पटेना. रिकाम्या हाताने घरी आलो. फरहानने आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

हफ्ता संपत आला होता. नझीरभाई जेवेनासे झाले. आपा मला म्हणाली, "सुनंदाताई, लूम हफ्ताभर बंद हाय आणि हे तोंड सुरू. मालेगाव, मालेगाव. झोपेत पण मालेगाव. मला वाटतं एखाद्या दिवशी मला पण तिकडंच पाठवतील."

दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते. गच्चीवरून आरोळी आली. "ताई! लवकर या! मोबाईल नको, नुसत्या या!"

पिठाच्या हातांनी वर गेले. गच्चीत आपाच्या दोन पांढऱ्या ओढण्या वाळत होत्या, नवऱ्याच्याच कारखान्यातल्या पातळ कापडाच्या. दोरीवर जागा नव्हती म्हणून तिने एकीवर एक टाकल्या होत्या. वारा सुटला होता. आणि त्या ओढण्यांवर लाटा पळत होत्या. अगदी फोटोतल्यासारख्या, पण उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या.

नझीरभाईंनी वरची ओढणी उचलली. लाटा गेल्या. पुन्हा टाकली. लाटा आल्या. पुन्हा उचलली. लहान मूल दिव्याचं बटण खालीवर करतं तसं त्यांचं चाललं होतं.

"कळलं का?" ते मला म्हणाले. "दोन सरळ कपडे एकावर एक आले की लहर दिसते. मोबाईलच्या आत पण उभे-आडवे ठिपके हायत, मी भिंगातून बगितलेत. तो पण एक कपडाच झाला. त्याच्यावर आपला कपडा पडला की लहर. माझा माल वाकडातिकडा असता तर अशी लहर आलीच नसती!"

"ओढण्या खाली पडू देऊ नका, आत्ता धुतल्यात," आपा म्हणाली.

शास्त्र काय म्हणतं ते मला ठाऊक नाही. पण मला ते पटलं. नझीरभाईंना तर इतकं पटलं की त्यांनी तिथेच माझ्या मोबाईलवरून केतनशेठला व्हिडिओ कॉल लावायला लावला. एका हातात एक ओढणी, दुसऱ्या हातात दुसरी, आणि मी समोर मोबाईल धरून.

"शेठ, बगा! ये एक ओढणी. लहर न्हाय. बराबर?"

"लहर है, चाचा."

"अरे, अभी एकच हाय! अब दुसरी डाला. अब देखो!"

"अब भी है. चाचा, आप के कुर्ते में भी लहर है. पीछे जाली में भी है." केतनशेठ डिस्प्लेजवळ वाकला. "तबियत तो ठीक है ना?"

मी कॉल बंद केला. इतका वेळ शेठला फक्त कापडावर शंका होती, आता माणसावरही आली होती.

त्या रात्री नझीरभाईंनी काही ठरवलं असावं, कारण सकाळी ते इस्त्रीचा कुर्ता घालून खाली उभे होते. खांद्यावर तागा, हातात ओढण्यांची पिशवी. एकटेच मुंबईला गेले. पुढचं त्यांनीच मला सांगितलं, आणि ते वाढवून सांगणारे नव्हते, तपशील वगळला की त्यांनाच चैन पडायचं नाही.

पेढीवर जाऊन त्यांनी तागा थेट केतनशेठच्या टेबलावर उलगडला. हिशेबाचे कागद, चहाचा कप, सगळं कापडाखाली गेलं. केतनशेठने डोळ्यांनी पाहिलं, लहर नाही. खिशातून मोबाईल काढून फोटो काढला, लहर आहे. पुन्हा डोळ्यांनी पाहिलं. मग ओढण्या दाखवायची पाळी आली. नझीरभाईंनी एक ओढणी त्याच्या हातात दिली, एक स्वतः धरली, आणि दोघं पेढीच्या मधोमध चादरीची घडी घालायला उभं राहावं तसे उभे राहिले. पेढीवरची माणसं जमली. लाटा आल्या, गेल्या, आल्या. मग प्रत्येकाला एकेकदा धरून बघायची होती. बराच वेळ कोणी धंदा केला नाही.

"मग शेठ काय म्हणाला?" मी विचारलं.

"काय म्हणणार? मोबाईल पालथा ठेवला आणि कापड हातात घेतलं. चिमटीत धरायची त्याला रीत माहीत न्हवती, मी दाखवली. म्हणाला, चाचा, माल एकदम साफ है. सगळा घेतला. पुढचा पण सांगितला. म्हणाला, अब से फोटो मत भेजना, खुद आ जाना."

"म्हणजे आता मोबाईल नको," मी सुटकेने म्हटलं.

तेव्हा त्यांनी पिशवीतून एक खोकं काढलं. नवा मोबाईल.

आपा बाहेर आली. "कुठला हाय?"

"काय माहीत."

"किती दुकानं फिरलात?"

"एकच. त्याने पहिला दाखवला तो घेतला. तुझ्यासाठी."

आपा खाली बसली. तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"जो कपडा बगू शकत न्हाय," नझीरभाई म्हणाले, "त्याच्यात आपण काय बगायचं? सगळे सारखेच."

आपाला वाटलं, माणूस सुधारला. पण खोकं कपाटावर गेलं आणि तिथेच राहिलं. वर भरतकामाचा रुमाल. ती उघडायला गेली की ते आडवे यायचे. "उघडला की तपासावा लागेल. तपासला की परत न्यावा लागेल. बंद हाय तोवर चांगला हाय." हे असं कित्येक महिने.

पुढे त्यांचा मुलगा इम्रान फारच मागे लागला, तेव्हा त्यांनी कारखाना भाड्याने दिला आणि पनवेलला जायचं ठरवलं. सामान टेम्पोत भरलं त्या सकाळी आपाने कोणाला न विचारता खोकं फोडलं. गल्लीतच मोबाईल चालू केला आणि नवऱ्याला इमारतीसमोर उभं राहायला सांगितलं. नझीरभाई पोलिसांत भरती व्हायला आल्यासारखे ताठ उभे राहिले. आपाने फोटो काढला आणि मला दाखवला.

अर्ध्या फोटोत तिचा अंगठा होता. उरलेल्या अर्ध्यात इमारत कलंडलेली होती, आणि कडेला नझीरभाई, डोळे मिटलेले, तोंड उघडं.

एव्हाना नझीरभाई टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ताई, तुम्ही खरं सांगा. कसा हाय कॅमेरा?"

आपा त्यांच्या मागच्या बाजूला उभी होती. तिने माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडले.

"फर्स्ट क्लास," मी म्हटलं.

त्यांनी समाधानाने मान आत घेतली, आपा चढली, टेम्पो निघाला. खरं सांगितलं असतं तर सगळं सामान पुन्हा उतरवावं लागलं असतं.